एका ‘हो’साठी मोडेम

चांदूर बाजार,
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

तू अकोल्याच्या त्या दुकानात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसतोस आणि मावशी म्हणते, त्यातले काही परत बंदही होतात. म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. फोन करता येत नाही, कारण आमचा फोन आत्याच्या बैठकीत आणि तुमचा तुझ्या मालकाच्या कानाशी. ई-मेल करता आली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. सगळं घोडं तिथंच तर अडलं आहे.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नोव्हेंबरात माझी मैत्रीण रागिणी हिच्या लग्नात अमरावतीला सुगत नावाचा मुलगा भेटला. जहाजावर इंजिनीअर आहे. नंतर दोनदा आत्याकडे चहाला आला आणि दोन्ही वेळा चहा थंड करून गेला. डिसेंबरात बोटीवर जाताना त्याने मला लग्नाचं विचारलं. म्हणाला, घाई नाही, पण तीस एप्रिलला कंपनीला कळवायचं आहे, सुटी घेऊन घरी येतो की पुढचे नऊ महिने पाण्यावरच राहतो. तोवर उत्तर आलं नाही तर ‘नाही’ समजेन आणि पुन्हा विचारणार नाही. बोटीवर पत्र पोचत नाही. ई-मेल पोचते.

माझं उत्तर ‘हो’ आहे. त्याच्याआधी हे तुला कळलं, याचा मला आत्ताच राग येतो आहे.

जाताना त्याने आपला जुना लॅपटॉप माझ्याकडे ठेवला. भाकरीच्या तव्याएवढा जड. त्यात लिनक्स घातलंय, बाकी सगळं झकास चालतं, फक्त मोडेम आजवर कधी चालला नाही, असं तो म्हणाला. मी तिथल्या तिथे बोलून गेले की उत्तर याच मशीनवरून येईल. मी शाळेत गणित शिकवते, मला वाटलं एवढं तर सुटेल. दोन महिने झाले, मशीन म्हणतं मोडेम सापडत नाही. इथल्या बंडूच्या सायबर कॅफेत जायचं नाही, कारण तो पाठीमागे उभा राहून वाचतो आणि मंगळवारच्या बाजारात सांगतो.

आत्याला मी सांगितलंय की मशीनवर प्रश्नपत्रिका काढते. सुगतबद्दल ती एकदाच बोलली होती, “पोट्टं चांगलं आहे, पन पान्यावर राहते.” यातून तू काय समजायचं ते समज. मला अजून समजलेलं नाही.

तुझी,
प्रियाताई


अकोला,
२६ फेब्रुवारी

प्रियाताई,
जय भीम.

पत्र वाचून हसू आवरेना, मालकाने विचारलं तर त्याला सांगितलं की शेजाऱ्याची म्हैस व्याली.

आता नीट ऐक. लॅपटॉपच्या पोटातला मोडेम अर्धाच असतो. त्याला हातपाय असतात, मेंदू नसतो, मेंदूचं काम विंडोज करतं. तुझ्या सुगतने विंडोज काढून लिनक्स घातलं, तेव्हा मोडेमचा मेंदूही गेला. त्याच्यासाठी लिनक्सचा मेंदू शोधता येतो, पण तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. इंटरनेटसाठी मोडेम लागतो. पुढचं तू गणिताची बाई असल्यामुळे सांगत नाही.

म्हणून बाहेरचा मोडेम पाठवतो आहे, एसटीच्या कंडक्टरकडे. जुना आहे पण पूर्ण शहाणा आहे. लॅपटॉपच्या पाठीमागे नऊ टाचण्यांचं भोक असेल, तिथे लाव. सोबतच्या कागदावर आज्ञा लिहिल्या आहेत. फिरवायचा नंबर आणि खात्याचं नाव त्याच कागदावर आहे.

एक विचारू? मी इथून दोन मिनिटांत सुगतभाऊला मेल टाकतो. हो म्हणते, एवढंच लिहायचं ना?

अनुप


चांदूर बाजार,
९ मार्च

अनुप,

माझा होकार तू कळवणार? मग मंगल परिणयाला तूच उभा राहा, नवरीची पांढरी साडी मी पाठवते.

मोडेम पोचला. मावशीने तो कुरड्यांच्या पिशवीत घातल्यामुळे निम्म्या कुरड्यांचा भुगा झाला आणि मोडेमच्या भोकांतून तो अजून पडतो आहे. पण लावल्याबरोबर लाल दिवे लागले. मी हसत उठून खोलीत एक फेरी मारली. आत्या म्हणाली, “प्रश्नपत्रिकेत एवढं हासाचं काय आहे वो?”

मग बैठकीतून ओढलेली फोनची तार त्याला लावून नंबर फिरवला. मशीन म्हणतं, डायल टोन नाही. मी बैठकीत जाऊन रिसीव्हर कानाला लावला, टोन चांगला घुमत होता. परत आले, मशीन म्हणतं नाही. असं तीनदा झालं. रिसीव्हर मशीनच्या तोंडाशी धरून ऐकवावा की काय, असं वाटायला लागलं आहे. तू अकोल्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस, तर आता हाक.

ताई


अकोला,
१६ मार्च

ताई,

मोडेम परदेशी आहे. त्याच्या देशातली टोन वेगळी, आपली वेगळी. आपली टोन वाजते पण त्याला ती टोन वाटत नाही, म्हणून तो वाट बघत बसतो. त्याला सांगायचं की बाबा, वाट बघू नको, सरळ नंबर फिरव. सेटिंगच्या फाइलमध्ये आज्ञेच्या शेवटी एक्स आणि तीन लिही.

दुसरं, नंबराच्या आधी मी ‘पी’ हे अक्षर लिहून दिलं आहे, ते तसंच असू दे. जुन्या एक्स्चेंजला चकतीच्या फोनसारखे टिकटिक ठोकेच समजतात. शहरात आम्ही ‘टी’ लिहितो, त्यात टूं-टूं आवाज जातो, पण तुमच्या चांदूर बाजारला ते कुठलं झेपायला.

मोडेम किंचाळेल. घाबरू नको, तो त्याचा बोलायचा सूर आहे.

अनुप


चांदूर बाजार,
३० मार्च

अनुप,

किंचाळला. बोहाऱ्याच्या दुकानाचं शटर कुणी ओढावं तसा. मी आनंदाने उशी तोंडावर धरली. आणि तेवढ्यात त्या किंचाळण्यातून आवाज आला, “जय भीम, कोन बोलून राहिलं?”

मोडेमला स्पीकर आहे हे तू सांगितलं नव्हतंस. लाईनवर जे चाललंय ते सगळं त्यातून ऐकू येतं. ती आत्या होती.

तुला आत्याच्या फोनचा कायदा ठाऊक नाही. या घरात फोन आला तेव्हा सगळ्या वस्तीत तो एकच होता. कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरी, कुणाचं मरण, सगळे निरोप इथंच यायचे. दुसरी घंटी वाजू द्यायची नाही हा तेव्हाचा नियम, कारण फोन करणारा अडचणीत असतो आणि त्याचे पैसे जात असतात. आता घरोघरी फोन झाले तरी आत्याचा नियम तसाच आहे. स्वयंपाकघरात तिने त्याच लाईनवर जोडफोन घेतला आहे तो त्यासाठीच. मी मशीनवरून नंबर फिरवला की तो जोडफोन आपोआप टिणटिण करतो. आत्या पिठाच्या हाताने उचलते, की माझी लाईन तुटली.

गेले आठ-दहा दिवस मी रोज फिरवते आणि रोज ती उचलते. तिच्या कानात नुसती किंचाळी. पहिले चार दिवस ती म्हणायची, “आवाज येऊन नाई राहिला, जोरात बोल.” आता तिने शोध लावला आहे. शेजारच्या मनकर्णाबाईला सांगताना मी ऐकलं. तिच्या मते हा सुगतचा फोन आहे, बोटीवरून करतो आणि मागे समुद्र गर्जतो.

मी काय बोलणार? मशीनचं सांगितलं तर मेलचं सांगावं लागेल, मेलचं सांगितलं तर ‘हो’चं. ती नाही म्हणाली तर मला तिचं मन मोडून जाता यायचं नाही, अनुप. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं.

ताई


अकोला,
५ एप्रिल

ताई,

दुकानात गिऱ्हाईक उभं असताना हे पत्र वाचलं ही चूक झाली. गिऱ्हाईक गेलं.

उपाय तीन. एक, जोडफोनची तार काढून ठेव. आत्या रागावली तर उपाय मागे घे. दोन, मोडेमचा आवाज बंद कर, पण त्याने टिणटिण थांबणार नाही. तीन, सरळ आणि सोपा: चौदा एप्रिलला मिरवणुकीत आत्या सगळ्या बायांच्या पुढे असते. घर रिकामं, फोन रिकामा. तेव्हा फिरव.

अनुप


चांदूर बाजार,
१५ एप्रिल

अनुप,

काल तुझा तिसरा उपाय केला. सगळी वस्ती निळी झाली होती. मी चौकापर्यंत मिरवणुकीत गेले, आत्याला म्हटलं डोकं दुखतं, आणि मागे फिरले. बाबासाहेबांच्या जयंतीला खोटं बोलले, त्याचं फळ लगेच मिळालं.

नंबर फिरवला. स्वयंपाकघरात टिणटिण झालं. मोडेम किंचाळला आणि मी श्वास धरला. मग स्पीकरमधून खुट्ट वाजलं. आत्या पाण्याची कळशी विसरली म्हणून परत आली होती.

ती काय बोलली ते मी तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

“जय भीम. सुगतच आहे ना, बापा? तू बोलू नको. समुद्राच्या आवाजात तुहं काही समजत नाई मले. मीच बोलते. आमच्या पोट्टीचं हो आहे. तोंडानं सांगत नाई, दिवसभर मशीनसंग झोंबून राहिली, मले काय दिसत नाई काय? माहंबी हो आहे. नऊ महिने पान्यावर राहतं तर राह्य. पन घरी राहशीन तवा भाजी चिराले हात लावजो. आता ठेव, तुहा पैसा जाऊन राहिला.”

मी खोलीत मोडेमसमोर हात जोडून बसले होते, अनुप. बाहेर ताशे वाजत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि आत्याच्या गळ्यात पडून रडले. मग सगळं सांगितलं, प्रश्नपत्रिकेपासून. तिने माझे डोळे पुसले. मग म्हणाली, “मंग मी एवढे दिवस कोनासंग बोलून राहिली होती?”

मशीनशी, म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला आणि आम्ही दोघी खाली बसून हसलो. मिरवणूक तिच्याविनाच पुढे गेली.

पण ‘हो’ अजून गेलेला नाही. आज पंधरा तारीख. आणि एक गोष्ट मला खुपते आहे. मी बैठकीतल्या फोनवरून कुणाला फोन लावला तर जोडफोन गप्प असतो. मशीनने लावला तरच टिणटिणतो. लाईन तीच, नंबर तोच. मग असं का?

ताई


अकोला,
१९ एप्रिल

ताई,

तुझा प्रश्न वाचला आणि सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. बैठकीतला फोन बटणांचा आहे ना? दाबलं की टूं-टूं होतं ना? मग तुमचं एक्स्चेंज नवंच आहे, कधीपासून कोण जाणे. ‘पी’ने मोडेम लाईनवर ठोके देतो, आणि त्या ठोक्यांनी जोडफोनची घंटी हलते. फाइलमध्ये ‘पी’ खोडून ‘टी’ लिही. एवढंच.

आता मला काय म्हणायचं ते म्हण, पण पुढच्या पत्रात, आणि माझ्या आईला सांगू नको म्हणजे झालं. आणि आत्याला बजावून ठेव, फोन उचलल्यावर नुसती खरखर आली तर ते मशीन समजायचं आणि लगेच ठेवायचं.

अनुप


चांदूर बाजार,
२६ एप्रिल

अकोल्याचे महाराज,

चांदूर बाजारचं एक्स्चेंज सात वर्षांपूर्वीच बदललं आहे. मी आज तिथल्या बाबूला मुद्दाम विचारून आले. तुमचा शहरी ‘टी’ त्याला व्यवस्थित झेपतो.

तर ‘पी’चा ‘टी’ केला. तेवीस तारखेला, रविवारी, आत्याला शेजारी बसवून नंबर फिरवला. स्वयंपाकघर गप्प. मोडेम किंचाळला, गुरगुरला आणि एकदम शांत झाला. मला वाटलं मेला. पण पडद्यावर आलं की जोडणी झाली. आत्या म्हणाली, “झोपला वाटते.”

मी मेलमध्ये लिहिलं: हो. खाली माझं नाव. आत्याने विचारलं किती लिहिलं. एक अक्षर, म्हटलं. ती म्हणाली, एका अक्षरासाठी महिनाभर माझ्या कानाचे पडदे फाडले. मग तिनेच बोट पुढे केलं आणि कळ दाबली. मेल गेली.

आज तीन दिवस झाले. रोज जोडते, रोज पेटी रिकामी. त्याची मेल रोज सकाळी बोटीवर येते, असं तोच म्हणाला होता. उशीर झाला असेल का? मन बदललं असेल? वर्गात काल त्रिकोणाला चौथी बाजू काढली. आत्याचं वेगळंच चाललंय, म्हणते मी शाळेत असते तेव्हा मशीन रोज फोन करतं, ती खरखर ऐकते आणि तू सांगितल्याप्रमाणे ठेवून देते. तिला मशीनची सवय लागली आहे, आणि मला सुगतची. मला काही सुचत नाही.

ताई


अकोला,
२९ एप्रिल

ताई,

मशीन बंद असताना मशीन फोन करत नाही. मोडेमकडून फोन जातो, त्याच्याकडून येत नाही. आत्या रोज कुणाला ठेवून देते आहे, तिला आधी विचार. बोटीवरचा फोन आकाशातून फिरून येतो. उचलल्यावर आधी खरखर येते आणि माणसाचा आवाज मागून पोचतो.

हे पत्र पोचेपर्यंत मे उजाडेल, म्हणून आत्ता मालकासमोरच तुमच्याकडे फोन लावला. इथं लोडशेडिंग आहे, दारात जनरेटर धडधडतो आहे. आत्याने पहिल्या घंटीला उचलला. मी म्हटलं, आत्या, मी अनुप. आत्या म्हणाली, “मशीन, गुमान राह्य.” आणि ठेवला. तीनदा केला, तीनदा हेच झालं. मालक मघापासून टेबलावर डोकं ठेवून हसतो आहे. मला हसू येत नाही, ताई. उद्या तीस.

अनुप


चांदूर बाजार,
२ मे

प्रिय अनुप,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र आज आलं, पण एकोणतीसच्या संध्याकाळी मी जोडलं तेव्हा पेटीत त्याची मेल होती. म्हणे, ‘तुझा हो वाचला आणि उभ्या उभ्या कप्तानाकडे सुटी मागितली. मग मेल लिहायला बसवेना, तुझा आवाज ऐकायचा होता, म्हणून फोन करत राहिलो. रोज एक बाई मला मशीन म्हणतात आणि ठेवून देतात. घरच्यांचा नकार असेल तर तसं सांग, मी सुटीचा अर्ज परत घेईन, तुला ओढाताण नको. कागद उद्या रात्री जातो. उद्या संध्याकाळी शेवटचा फोन करेन.’ आणि खाली एक ओळ: ‘मोडेम कसा चालू केलास? मला दोन वर्षं जमला नाही.’

मी हे आत्याला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, अख्ख्या जन्मात या घरातून कुणाचा फोन ठेवून दिला नव्हता आणि ठेवला तो जावयाचा. लगेच ‘घरच्यांचंही हो आहे’ अशी मेल टाकायला गेले तर वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी तर मेलेलीच. दुसऱ्या दिवशीही वीज नाही. बंडूचा कॅफेही अंधारात. राहिला फक्त फोन.

तीस तारखेला आत्या दुपारपासून जोडफोनशेजारी पाटावर बसली. मला हात लावू देईना. म्हणाली, “म्या तोडलं, मीच जोडीन.” दिवेलागणीला घंटी वाजली. पहिल्याच घंटीला तिने उचलला. खरखर इतकी की मला दारात ऐकू येत होती. आत्या डोळे मिटून ती खरखर ऐकत राहिली, पण रिसीव्हर सोडला नाही. मग मोडेमला सांगितलं होतं ते सगळं तिने परत सांगितलं, भाजी चिरण्यासकट. आणि एकदम गप्प झाली. एवढे दिवस जिकडे बोलत होती तिकडून पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं.

तिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. डोळे भरले होते.

“घे,” म्हणाली. “आवाज येऊन राहिला आता.”

मी म्हटलं, हो. जरा वेळाने तिकडून आलं, खरखर आहे, परत सांग. मी परत सांगितलं. तो म्हणाला, अजून एकदा. यावेळी खरखर अजिबात नव्हती, अनुप, मला चांगलं कळत होतं. तरी मी सांगितलं.

तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, “आता ठेवा, पैसा जाऊन राहिला.”

तुझी,
प्रियाताई